हिरवा चौकोन

कचेरीत तिला सगळे भोचकबाई म्हणत आणि तीही त्याला खुशाल ओ देई. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायचा पगार मिळवणारी शहरात ती एकटीच असावी. आरोग्य खात्याच्या जुन्या फायलींच्या खोलीत बसून ती दिवसभर इंटरनेटवरचं लोकांचं रडगाणं वाची. औषधदुकानांवरचे शेरे, शाळेच्या पालकांच्या कुरबुरी, वसाहतींच्या पानांवरची भांडणं. ‘घरात तिघं तापाने आडवे’ असं कुणी लिहिलं की पडद्यावरच्या नकाशात त्या वसाहतीचा चौकोन पिवळा होई, अशा पाच तक्रारी आल्या की लाल. दवाखान्यांचे आकडे यायला आठवडा लागे, भोचकबाईला दोन दिवस पुरत. तक्रार नाही तो चौकोन हिरवा. हिरव्याकडे वेळ घालवायचा नाही, हा नियम तिनेच केलेला.

तिची धाकटी बहीण एका मोठ्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर एकटी राही. तळमजल्यावरच्या काकांशी तिचं पार्किंगवरून रोज वाजे, तेही वसाहतीच्या पानावर, जगाला दिसेल असं. ‘माझ्या जागेत पुन्हा स्कूटर कुणी लावली?’ असं तिने लिहिलं की मिनिटाच्या आत काका हजर: ‘जागेवर तुमचं नाव कोरलंय का?’ सकाळचा चहा घेताना ते वाचून भोचकबाई पोट धरून हसे.

त्या सोमवार-मंगळवारी ती दुसरीकडच्या तापात गुंतली होती. बहिणीचा चौकोन हिरवा दिसला, तेवढ्यावर तिची काळजी मिटली.

बुधवारी चहा संपला तरी हसायला काही मिळालं नाही. शेवटचा मजकूर रविवारचा होता. दीडशे घरं, आणि तीन दिवसांत कुणी लिफ्टच्या नावाने बोटं मोडली नव्हती, कुणाला कुत्र्याचा त्रास झाला नव्हता, सुप्रभातचं फूलसुद्धा नाही. चौकोन मात्र हिरवागार. तिने बहिणीला फोन लावला.

सातव्या खेपेला तो उचलला गेला.

“ताई... रविवारपासून जुलाब होतायत गं. उठवत नाही.”

“अगं, मग पानावर लिहायचंस तरी!”

“असलं चारचौघांत काय लिहायचं? लाज वाटते.” ती दम खायला थांबली. “शेजारच्या नळाचाही आवाज येत नाही कालपासून. कुणाचाच येत नाही.”

ती धावत खात्याच्या साहेबांकडे गेली. त्यांनी नकाशा पाहिला. “एकही तक्रार नाही, बाई. पथक कशाच्या जोरावर पाठवू?”

“भांडणं बंद पडलीत, साहेब! दीडशे घरांतली!” असं म्हणत ती चक्क रडायला लागली. साहेबांनी फोन उचलून पथक पाठवलं.

पिण्याच्या टाकीत गटाराचं पाणी झिरपलं होतं. पथकाने दारं ठोठावली तर बरीचशी उघडेनात. आत माणसं निपचित पडलेली, आणि जो शुद्धीवर होता त्या प्रत्येकाला वाटत होतं, हे फक्त आपल्याच घरात झालंय.

शनिवारी बहीण दवाखान्यातून घरी आली आणि पानावर मजकूर उमटला: ‘माझ्या जागेत अँब्युलन्स कुणी लावली?’

भोचकबाईचा जीव भांड्यात पडला. ती काकांच्या उत्तराची वाट बघत बसली. मिनिट गेलं. चहा निवला.

तासाभराने बहिणीनेच पुन्हा लिहिलं: ‘काका, स्कूटर लावा हवी तर माझ्या जागेत. पण काहीतरी लिहा.’