चौथी धार

मला दारूतलं कळतं असं कोणी म्हणालं तर मी आधी हसेन आणि मग भांडेन. कोरीटच्या शेतकरी घरात वाढले मी. वडील माळकरी, चातुर्मासात घरात कांदासुद्धा शिजायचा नाही. पण नोकरी लागली धडगावच्या शाळेत, आणि पहिल्याच महिन्यात घरमालकिणीने पळसाच्या पानाचा द्रोण पुढे केला. त्यात मोहाची होती. नको म्हणाले असते तर त्या दारात पुन्हा पाय ठेवायची सोय राहिली नसती. प्यायले. घसा जळाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती बया मांडीवर हात मारून हसली. तेव्हापासून बावीस वर्षं मी तिला मावशी म्हणते आणि ती मला बाई. माझी बदली नंदुरबारला झाली तरी वर्षातून चारदा तरी मी घाट चढतेच.

मावशी पावरा आदिवासी. घरात पावरी बोलते, माझ्याशी मराठीत. तहसीलदार असो की शिपाई, सगळ्यांना 'तू'. तिच्या घरची एक रीत आहे. द्रोण तोंडाला लावण्याआधी गेलेल्यांची नावं घ्यायची आणि प्रत्येकाच्या नावाने थोडी जमिनीवर ओतायची. ती धार. पहिली सासऱ्याची, दुसरी सासूची, तिसरी नवऱ्याची. मावशीचं म्हणणं असं, की मेलेल्याची धार जमीन लगेच पिते. जिवंत माणसाच्या नावाने टाकली तर घेत नाही, वरच राहते. एकदा तिच्या नवऱ्याने झिंगेत, रागाच्या भरात, शेजाऱ्याच्या नावाची धार टाकली होती म्हणे. उन्हं उतरली तरी ती जमिनीवर तशीच चमकत होती. पुढे तो शेजारी नवऱ्याच्याच दिवसांना आला आणि पोटभर जेवून गेला. हे सांगताना मावशी दर वेळी तितकीच हसायची.

तीन वर्षांपूर्वी तिचा एकुलता मुलगा ऊसतोडीला गुजरातेत गेला. दोन महिने फोन येत होता, मग बंद झाला. टोळीतले बाकीचे परत आले. म्हणाले, तो मध्येच दुसऱ्या कामावर निघून गेला. पोलिसात अर्ज मी स्वतः लिहून दिला, मुकादमाला चारचौघांत शिव्या घातल्या, हाती काही लागलं नाही. तेव्हापासून मावशी तीन धारा झाल्या की चौथं, त्याचं नाव घेते, पण धार जमिनीवर टाकत नाही. त्याच्या नावाने ती एक द्रोण भरते आणि भिंतीशी ठेवते. "येईल तेव्हा पिईल," म्हणते. संध्याकाळी स्वतःच पिऊन टाकते, ती गोष्ट वेगळी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, समोरचं माणूस आवाजावरून ओळखते. ऑपरेशनचं काढलं की म्हणते, तो आला की त्याच्यासोबत जाईन.

यंदा चैत्रात माझी भाची, भावाची मुलगी, आली. ती मोठ्या जहाजावर स्वयंपाकघरात काम करते. बॅगेतून एक बाटली काढली आणि म्हणाली, "फुई, हाई स्पेनमधली पांढरी वाईन शे. चाखी पाय."

मी पांढरी वाईन म्हणजे द्राक्षाच्या सरबतासारखी गोडसर काहीतरी समजत होते. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. गोडीचा पत्ता नाही. खारट, कोरडी, आंबवलेल्या पिठाचा वास. "आवो माय! हाई तर बिघडी गयी!" मी ओरडले.

"दुसरा घोट ले, मंग बोल," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. स्पेनच्या दक्षिणेला, समुद्रालगतच्या गावांत ही करतात. फिनो म्हणतात. पिंप काठोकाठ भरत नाहीत, वर मुद्दाम जागा सोडतात. त्या जागेत वाईनवर पांढरी साय धरते, आपल्या लोणच्याच्या खारावर धरते तशी. आपण ती बघून बरणी ओतून देतो, ते लोक तिला जपतात. त्या सायीखाली वाईन वर्षानुवर्षं राहते. आणि पिंप कधी रिकामं करत नाहीत. सगळ्यात जुन्यातून थोडी काढतात, तेवढी त्याच्याहून नव्या पिंपातली त्यात घालतात. म्हणजे बाटलीत थोडी का होईना, पहिल्या वर्षाची असतेच. ज्यांनी ती केली ते कधीच मेले, असं भाची म्हणाली आणि खारे शेंगदाणे तोंडात टाकले.

दुसरा घोट घेतला तो जपून. ह्या वेळी मिठाच्या मागून दुसरंच काही आलं. वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास. मावशीचं अंगण, हुबेहूब. खरं सांगते, कुठे मिळाली तर ही वाईन नक्की चाखून बघा. थंडगार घ्या, सोबत तळलेला मासा नाहीतर खारे दाणे घ्या, आणि पहिल्या घोटाला शिव्या देऊन उठू नका.

उरलेली अर्धी बाटली मावशीला पाजायची, हे माझ्या डोक्यात बसलं. रविवारी सकाळी ती गार करून थर्मासात भरली. प्रकाशा गावापाशी तापी ओलांडून शहादा, तिथून धडगावची जीप. घाटात माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता, डोळे मिटून. चौथ्या वळणावर डोळे न उघडताच म्हणाला, "कुणाकडे धार आहे आज?" मी थर्मासचं झाकण चाचपलं. घट्ट होतं. "कुठे काय बाबा," म्हटलं. तो मधल्या एका पाड्याशी उतरला आणि जीप निघेपर्यंत माझ्याकडे बघत उभा राहिला.

भर दुपारी पोचले. अंगणभर मोहफुलं पसरलेली, वारा नाही, एरवी पायांत येणाऱ्या कोंबड्याही कुठे दिसेनात. मावशी ओसरीत बसली होती. मी बोलण्याआधीच, नुसत्या पावलांवरून ओळखून म्हणाली, "बाई, काय आणलंस? आमचाच वास येतो."

मला कोण आनंद झाला! लहान पोरीसारखी मी तिच्यापुढे बसले. पिंपं, साय, जुन्यातली जुनी, सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मेलेल्यांच्या हातची आहे तर. आधी त्यांना दे. आज तू टाक धार."

बावीस वर्षांत तिने हा मान मला कधी दिला नव्हता. मी झाकणात वाईन ओतली आणि सारवलेल्या जमिनीवर धार टाकली. सासरा. सासू. नवरा. नावं मला पाढ्यासारखी पाठ होती. आणि तीन वर्षं तिच्या तोंडून एका दमात चार नावं ऐकली होती ना, तशीच जीभ पुढे गेली. चौथं नाव घेतलं, आणि हात थांबला नाही. द्रोण भरलेला नव्हताच. चौथी धारही जमिनीवर गेली.

"बाई," मावशी म्हणाली. एवढंच.

मेले मी, काय करून बसले! जन्मभर पोरांना सांगितलं, आधी विचार करा मग तोंड उघडा, आणि मी मूर्ख बाई.

मावशीने डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला धरले. "चौथी जिरली का?"

मी खाली बघितलं. पहिल्या तीन धारांचे तीन ओले डाग होते, नीट ओळीत, अजून गडद. चौथीच्या जागी काहीच नव्हतं. ओल नाही, डाग नाही. जमीन नुसती कोरडी, तिथे काही सांडलंच नसावं अशी. मी झाकणात पाहिलं, ते रिकामं होतं. सगळी जमिनीने पिऊन टाकली होती.

"नाही गं मावशी," मी म्हणाले. "तशीच आहे वर. चमकते आहे."

मावशी पुढे सरकली आणि जमीन चाचपू लागली. बोटांच्या टोकांनी पहिला डाग, दुसरा, तिसरा. तिचा तळवा चौथ्या जागेवर आला आणि तिथेच राहिला. बराच वेळ राहिला.

"हं," ती म्हणाली. "ओली आहे. जिवंत आहे माझा."

तिने कोनाड्यातून द्रोण काढला. मी त्यात वाईन ओतली, आणि तिने तो भिंतीशी ठेवला, रोजच्या जागी. मग तिने आपला घोट घेतला आणि म्हणाली, चांगली आहे, पण आमच्यासारखी चढत नाही.

निघताना तिने माझा हात धरला, ज्या हाताने जमीन चाचपली होती त्याच हाताने. म्हणाली, "बाई, कुणाला सांगू नको." तळवा कोरडा होता.