लपण्यात पटाईत

माझा आवाज मोठा आहे. आमचं शेत गिरडजवळ, आणि मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली की टेकडीवरच्या दर्ग्यातली माणसं वळून पाहतात, असं आई म्हणायची. वनरक्षकाच्या नोकरीत या आवाजाचा मला फार उपयोग झाला. काठी उगारायची वेळ क्वचित आली. आधी शिट्टी, मग आवाज, एवढ्यावर माझं भागायचं.

माझी बीट, म्हणजे गस्तीचा टापू, आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, वाघांसाठी राखलेल्या जंगलात आहे. इकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. मी बाई, म्हणून मला 'नाकेदार बाई' म्हणतात, आणि माझ्या माघारी आणखी काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. आतल्या भागात लाकूड तोडायचं नाही, डिंक काढायचा नाही, मोहफूल वेचायचं नाही, मुळात माणसानं शिरायचंच नाही. आणि काठावरच्या गावातल्या बायकांना तर चैत्र लागला की मोहफुलं हवीच असतात. त्यांचं म्हणणं, शिवारातल्या झाडांची वाटणी झालेली आहे, आतली झाडं कोणाचीच नाहीत. माझं म्हणणं, ती वाघाची आहेत. या वादाचा निकाल आजवर लागलेला नाही.

पहाटे त्या शिरायच्या आणि मी शिट्टी वाजवली की पांगायच्या. काही पळायच्या, त्या सापडायच्या. ज्या मुरलेल्या होत्या त्या पळत नसत. टोपलं पालथं घालून त्यावर पाला टाकायचा, जवळच्या रायमुनियाच्या काटेरी झुडपात शिरायचं, आणि बसून राहायचं. खोकायचं नाही, मान हलवायची नाही. या विद्येत गावातली एक म्हातारी सगळ्यांची गुरू होती. इतक्या वर्षांत तिनं मला दर वेळी हातावर तुरी दिल्या. एकदा पिठाच्या गिरणीवर भेटली तर सगळ्यांदेखत मला म्हणाली, "काल तुमच्या बुटावर मुंगळा चढत होता बाई. मले लई वाटलं सांगाव म्हून, पण मंग तुमी पकडलं असतं." गिरणीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, आणि मनात म्हटलं, सापड तर खरी एकदा.

ती सापडली, पण त्या दिवशी मला तिला पकडायचं नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या नाल्याच्या बाजूला एक वाघीण बछडी घेऊन आली होती. ओल्या रेतीत मोठ्या पंजाशेजारी लहान पंजे उमटलेले मी स्वतः पाहिले होते. पिल्लांची आई म्हणजे तिच्या वाटेला जायचं काम नाही. गावात आम्ही दवंडी दिली, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी गस्तीवर मला मोहाखाली बायका दिसल्या, नाल्यापासून अगदी जवळ. मी जीव खाऊन शिट्टी वाजवली. मला म्हणायचं होतं, बायांनो, बाहेर निघा. त्यांना ऐकू आलं ते नेहमीचंच, की नाकेदार आली, पळा. शिट्टीला काही दोन भाषा येत नाहीत. त्या पांगल्या आणि मी रागारागानं पुढं गेले.

ऊन चढल्यावर मी क्वार्टरवर येऊन भाकरी थापत होते, तर फाटकाशी चार बायका उभ्या. स्वतःच्या पायांनी त्या माझ्या दारी कधीच आल्या नव्हत्या. शेवटी त्यातली एक, त्या म्हातारीची सून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "बाई, आमची बुडी घरी आली नाई."

"कोठून आली नाई?"

"तुमाले मालूम हाये ना कोठून."

मला आधी संताप आला. हजारदा सांगितलं होतं. मग नाल्याच्या रेतीतले पंजे आठवले. एप्रिलचं ऊन, म्हातारं माणूस, पाणी नाही, आणि आत पिल्लांची आई. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी साहेबांना फोन लावला.

आमचे रेंजर साहेब भला माणूस, पण सगळं पद्धतशीर लागतं त्यांना. गाडी आली, वनमजूर आले, शेजारच्या बीटचे गार्ड आले. आम्ही रांग धरली. रांग तुटू नये म्हणून एकानं शिट्टी वाजवायची, दुसऱ्यानं शिट्टीनं उत्तर द्यायचं, अशी आमची रीत आहे. वाघिणीलाही आवाजानं सरकायला सवड मिळते. गाडीवर भोंगा होता, त्यावरून साहेबांनी म्हातारीचं नाव पुकारलं, अगदी आडनावासकट. बायकांना जंगलाच्या फाटकाशीच बसवलं होतं, कारण गावकऱ्यांना आत नेण्याची परवानगी नाही.

दुपार कलायला लागली तरी पत्ता नाही. वाघिणीनं नेलं असेल तर काहीतरी खूण दिसली असती, कापडाचा तुकडा, ओढल्याची रेघ. तेही नाही. पाण्याच्या बाटल्या आम्ही स्वतःच संपवत होतो आणि प्रत्येक घोटाला मला ती आठवत होती. सगळे आता खाली बघत चालायला लागले होते. जिवंत माणूस शोधताना माणूस समोर बघतो.

मग एका वनमजुराला टोपलं सापडलं. पालथं, वर पाला. ते घेऊन आम्ही फाटकापाशी आलो. सुनेनं टोपल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"थे लपून बसली हाये साहेब! तुमी सकाळपासून शिट्ट्या मारून राह्यले, भोंग्यावरून नाव घेऊन राह्यले. थे कायले बाहीर येईन? तिले वाटत असंन, आता तं नाव बी मालूम झालं, आता केसच होते."

पंधरा-वीस माणसं इतका वेळ उन्हात घसा फोडत होतो, आणि प्रत्येक हाकेनं तिला अजून आत ढकलत होतो. मला एकदम रडू आलं. ते लपवायला मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

साहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. गावकऱ्यांना आत न्यायचं नाही हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवलेला. वर विचारायचं तर फोनला रेंज नाही, आणि विचारून उत्तर येईपर्यंत दिवस बुडाला असता. "शिट्ट्या बंद," ते म्हणाले. "गाडी बंद. बायकांना पुढं जाऊ दे. तू त्यांच्यासोबत राहा. आम्ही मागं." मग माझ्या खाकी शर्टाकडे पाहून घुटमळले. सुनेनं तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला आणि न विचारताच माझ्या खांद्यावरून खालपर्यंत गुंडाळला. त्याला घामाचा आणि मोहाचा वास होता.

टोपलं सापडलं तिथपासून आम्ही सुरुवात केली. बायका हळू हाका मारत होत्या. काही नाही. मी म्हटलं, शुद्धीवर नसेल. तेव्हा सुनेनं कमरेला पदर खोचला. या दोघींचं गावात कधी पटलं नव्हतं, चुली वेगळ्या होत्या, हे मला माहीत होतं. ती नाल्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडली, "अवो आत्याबाई! तुमच्या वाळत घातलेल्या मोहफुलात बकरी शिरली! अर्धी फुलं खाल्ली तिनं!"

डाव्या हाताच्या रायमुनियातून, अगदी कोरड्या घशातून आवाज आला, "मंग हाकल ना तिले! हात तुटले का तुहे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळपासून आम्ही त्या झुडपाजवळून निदान दोनदा गेलो होतो.

ती काट्यांच्या आत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पळताना खड्ड्यात पाय गेला होता, घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. सून आत शिरली तशी म्हातारीनं तिचा हात धरला. मागून मी वाकले, तेव्हा दुपट्टा जरा सरकला. तिनं मला ओळखलं आणि त्या मोडक्या पायानिशी मागे सरकली, आणखी काट्यात.

"म्या काई तोडलं नाई बाई. फकत फुलं वेचत होती."

मी बाटली पुढं केली. तिनं घेतली नाही. सुनेच्या हातात दिली तेव्हा प्यायली.

मी तिला पाठीवर घेतलं. वजन असं नव्हतंच. गाडीपर्यंत सून बाजूनं चालत होती आणि तिला घालूनपाडून बोलत होती, "या वयात काय मोहफुलं घेऊन बसली, हाडं खिळखिळी झाली तरी हौस जात नाई," आणि बोलता बोलता तिच्या पायातले काटे काढत होती.

सावंगीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत म्हातारीची जीभ जड झाली होती. सून केसपेपर काढायला खिडकीवर गेली आणि मी स्ट्रेचरशेजारी उभी राहिले, दुपट्टा तसाच गुंडाळलेला. एक तरुण डॉक्टर आला. "काय झालं आजी?"

"आंगनात पडली," म्हातारी म्हणाली. आवाज जेमतेम फुटत होता, पण खोटं सफाईदार होतं. "घरीच होती. आंगनात पाय घसरला."

"आणि या कोण?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पोरगी हाये माही."

हे प्रेमानं म्हटलेलं नव्हतं, मला कळत होतं. ती अजून झुडपातच होती, फक्त या वेळी तिनं माझाच पाला पांघरला होता. तरी क्षणभर मला बरं वाटलं, हे नाकारत नाही. डॉक्टर पायाकडे वळला आणि घोटा चाचपू लागला. नुसता पाय मोडलेलं माणूस म्हणून तो तिच्याकडे पाहत होता. एक्स-रेच्या रांगेत तिला ठेवलं असतं तर? मी गप्प राहिले तर ती खूश राहणार होती, पण वाचेल की नाही ते मला माहीत नव्हतं.

मी दुपट्टा काढला. "डॉक्टर, या घरी नव्हत्या. जंगलात होत्या. सकाळपासून उन्हात, पाण्याविना. आत्ता थोडं प्यायल्या तेवढंच."

डॉक्टरनं खाकीकडे पाहिलं, तिच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि सिस्टरला हाक मारली. पुढची धावपळ मला नीट आठवत नाही. सलाईन लागलं, ओली फडकी आली, मला बाहेर काढलं. म्हातारीनं मात्र त्या सगळ्या गडबडीत माझ्याकडून तोंड फिरवून घेतलं होतं, ते आठवतं.

रात्री डॉक्टर म्हणाला, धोका टळला. सून चहा आणायला गेली तेव्हा मी आत जाऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. ती डोळे मिटून होती, पण झोपलेली नव्हती. लपलेलं माणूस ओळखायला मी आता शिकले होते.

"सांगतलंच ना शेवटी," ती म्हणाली.

"आजी, मी केस करायला नाई आली."

तिनं डोळे उघडले आणि खरंच न कळल्यासारखं विचारलं, "मंग कायले आलती?"

इतकी वर्षं मी तिच्या गावात होते. गिरणीवर भेटायचे, पोळ्याला तिच्या बैलांच्या पाया पडले होते. आणि तिला खरोखरच दुसरं कारण सुचत नव्हतं.

"तुमी हरवल्या होत्या म्हून," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सलाईन नसलेला हात चादरीबाहेर काढून तिनं पाण्याच्या ग्लासाकडे बोट केलं. मी तो तिच्या ओठांना लावला. ती प्यायली.