चुकीची दुरुस्ती

माती सगळेच खातात हो! पण मी खाल्ली ती सरकारी शिक्क्यासकट. चहा येतोय तोवर ऐका. हसू आलं तर खुशाल हसा, सुरुवातीला मीही हसलो होतो.

आता साताऱ्यात पेन्शन खात बसलोय, पण बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी सांगली जिल्ह्यात, कुंडलच्या अलीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. गावाच्या ओढ्याला गुळाची हातभट्टी लागायची आणि मिसरूड फुटलेली पोरं तिकडं वळायची. अशात सरकारची एक योजना आली. सरपंच, तालमीचे वस्ताद, भजनीबुवा, सगळ्यांनी मिळून समिती करायची, पोरांना दारूपासून वाचवायचं आणि त्यासाठी अनुदान मिळणार. चिटणीस मी! का? अर्ज लिहायचा म्हटल्यावर बाकीच्यांना एकदम शेतातली कामं आठवली.

अर्जाला दोन याद्या जोडायच्या होत्या. एक समितीच्या सदस्यांची, दुसरी दारूला लागलेल्या तरुणांची. आता दुसऱ्या यादीत आपल्या पोराचं नाव कोण देईल? एकच बाई आपणहून आली. सगुणाबाई. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा हणमंत, बावीस-तेवीसचा, मिलिटरीच्या भरतीत छाती कमी भरली म्हणून परत आलेला. तेव्हापासून तो ओढ्याला जायला लागला होता.

"गुरजी, माज्या हणमंताचं नाव पयलं घाला."

"अहो बाई, बदनामी होईल पोराची."

"आनि काय व्हायची ऱ्हायलीया? सरकार काय औषिद देत आसंल तर त्येला पयलं मिळू द्या."

घातलं. हणमंताचं पहिलं, त्याच्याखाली त्याच्या चार जोडीदारांची. वर्गात चौथीची पोरं पाढे ओरडत होती, माझा एक हात छडीवर आणि एक टाचणीवर. याद्यांचे दोन कागद, त्यांना लावायची मथळ्यांची दोन चिटोरी. आणि मी मथळे उलटेपालटे टाचले! सदस्य झाले दारुडे आणि दारुडे झाले सदस्य. पाकीट गेलं सांगलीला.

महिन्याभरानं पत्रं आली, ज्याच्या त्याच्या नावानं. सरपंच अण्णांना आलं, 'आपले व्यसन सुटण्याजोगे आहे, तपासणीसाठी हजर राहावे.' अण्णांच्या घरातून जो आवाज आला, तो चावडीपर्यंत!

"तीस वर्सं माज्यापास्नं लपवलंसा व्हय?" काकू ओरडत होत्या.

"अगं, ताक सोडून कशाला तोंड तरी लावलंय का मी?"

"मग सरकारला काय सपान पडलं?"

वस्ताद दंड थोपटत गावभर विचारत सुटले, 'हा गडी पिनारा दिसतोय का?' भजनीबुवांनी तर दोन दिवस भजन बंद ठेवलं. गाव पोट धरून हसलं, मीही मिशीत हसलो. मग अण्णांनी पत्र माझ्या नाकासमोर धरलं.

"यादी कुनी धाडली रं मास्तर?"

हसू तिथंच विझलं.

त्याच दिवशी शाळा सुटताना हणमंत आला. आंघोळ केलेला, भांग पाडलेला, हातात पत्र.

"गुरजी, हितं 'श्री' लिवलंय. ते माज्याच नावाला हाय न्हवं?"

"हो."

"आनि 'सन्माननीय सदस्य' म्हंजी काय करायचं आसतंय?"

सांगायला हवं होतं तेव्हाच. त्याऐवजी म्हटलं, "गावातल्या पोरांना दारूपासून लांब ठेवायचं."

त्यानं पत्र घडी करून खिशात घातलं. "मग आदी मलाच लांब ऱ्हायाला पायजे."

आणि राहिला की हो! चौघा जोडीदारांना घेऊन ओढ्यावर गेला, भट्टीची मडकी फोडून आला. एक दिवस गेला, चार गेले, आठवडा गेला. सगुणाबाई वाटीभर दही घेऊन शाळेत आली. "गुरजी, प्वार सांजंला घरात जेवतंय." एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

आता मला सांगा, शहाण्या माणसानं इथं गप्प बसायचं की नाही? पण मी मास्तर! फळ्यावरचं चुकलेलं गणित पुसल्याशिवाय मला भाकरी गोड लागत नाही. त्यात अण्णा रोज दारात. "आदी माजं नाव सोडीव." गेलो सांगलीला. कारकून म्हणाला, "साहेब उद्या तुमच्याच गावात येतायत. सभेत दुरुस्ती वाचून दाखवा, फाइलला मी लावतो."

चावडीपुढं सभा भरली. साहेब नवखे, कुणाला ओळखत नव्हते. यादी पाहून त्यांनी पहिलं नाव पुकारलं. हणमंत वर गेला, गळ्यात झेंडूचा हार पडला. बायकांच्या घोळक्यात सगुणाबाई टाचा उंचावून बघत होती.

"म्या काय बोलनार," हणमंत म्हणाला. "आज एकोनीस दिस झालं..."

टाळ्या पडल्या. अण्णा खालून माझ्याकडं बघून खाकरले. एकदा, दोनदा. आणि मी उठलो.

"माफ करा, यादीत चूक आहे. ही नावं सदस्यांची नाहीत, व्यसनी तरुणांची आहेत." तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नाही, दुरुस्ती पूर्ण वाचायची होती ना मला! हजेरी घेतो त्याच खणखणीत आवाजात वाचलं, "क्रमांक एक, हणमंत ज्ञानू..."

"हजर!" मागून कुणीतरी ओरडलं.

अख्खी सभा हसली.

हणमंतानं हार काढला आणि टेबलावर नीट ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाला, "चूकच हुती व्हय गुरजी? मला वाटलंच."

आणि उतरून गेला. संध्याकाळी तो ओढ्यावर होता. भट्टीवाल्यानं नवी मडकी आणलीच होती.

पुढच्या वर्षी हणमंताचं पोट फुगलं. मिरजेला दवाखान्यात नेला, तिथंच गेला. मी भेटायला गेलो तेव्हा सगुणाबाईनं मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा ठेवला. मग म्हणाली, "गुरजी, त्यो कागुद तसाच ऱ्हायला आसता, तर सरकारचं काय गेलं आसतं?"

काय गेलं असतं? मला फार वाईट वाटतं हो, अजून वाटतं.

अनुदान मात्र मंजूर झालं! त्या वर्षअखेरीला अहवालाचा छापील फॉर्म आला. भाषणं किती, पोस्टर किती, सगळं भरलं. शेवटचा रकाना होता, 'समितीच्या कार्यातील मुख्य अडचण'. टाक दौतीत बुडवला. मग आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर मनातलं खरं लिहिलं. एकच शब्द. 'चिटणीस'.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. 'चिटणिसाच्या मुदतीबाबतची आपली अडचण समजली. सबब, बिनचूक कागदपत्रे ठेवणाऱ्या विद्यमान चिटणिसांनाच पुढील तीन वर्षे मुदतवाढ देण्यात येत आहे.'

आणि मी ती घेतली.