तीनशेवा सामना

हर्बर्ट टॉल्सनचे पहिले तीन सामने कुठल्याही दप्तरात सापडत नाहीत. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. १९३९च्या ऑगस्टअखेर डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून तो पहिल्यांदा मैदानात उतरला. तिसरा सामना शनिवारी झाला आणि रविवारी सकाळी लढाई पुकारली गेली. फुटबॉल मंडळानं तो हंगामच रद्द ठरवला, खेळलेले सामने खोडून टाकले. नंतरची सहा वर्षं हर्बर्टनं रणगाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली.

परत आल्यावर आठ वर्षांत त्याचे पाच क्लब झाले, सगळे तिसऱ्या विभागातले. त्याचं नाव घेऊन कुणी ओरडलंय असं फारसं घडलं नाही. समोरचा वेगवान गडी लंगडत बाहेर गेला की लोक म्हणायचे, "आज टॉल्सन होता वाटतं." दर क्लबाचं घर वेगळं, आणि दर घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या. त्याची बायको मिली एकच पडद्याचं कापड कधी जोड लावून, कधी दुमडून पाच घरांत पुरवत आली.

पाचवा क्लब हॅलमशॉ टाउन. तिथं १९५३च्या नोव्हेंबरात चिखलात पाय रुतला आणि वरचं अंग तेवढं वळलं. गुडघ्यातली कूर्चा काढावी लागली. त्या दिवशी त्याच्या नावावर दोनशे सत्त्याण्णव सामने होते.

व्यवस्थापक गार्साइडसाहेब इस्पितळात द्राक्षं घेऊन आले. "ते लढाईआधीचे तीन धर की, हर्बर्ट. झाले तीनशे. आता आरामात बस."

"खोडलेले कसे धरू, साहेब? तीन अजून खेळायचेत मला."

"चौतिसाव्या वर्षी? या पायावर?"

"पाय माझाच आहे. त्याला मी सांगतो."

पाय मांडीपासून वाळला होता. घरी आल्यावर हर्बर्टनं मिलीची बिडाची इस्त्री उचलली. प्रार्थनामंदिराचा मोठा ध्वज तो दरवर्षी मिरवणुकीत धरायचा, त्याचा चामडी पट्टा कपाटात होता. त्या पट्ट्यानं इस्त्री पायाला बांधली आणि खुर्चीवर बसून पाय वर-खाली करायला लागला. सकाळी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा.

मिलीकडे इस्त्र्यांची जोडी होती. एक चुलीवर तापायची तोवर दुसरी चालायची. आता मंगळवारी, इस्त्रीच्या दिवशी, एकीवरच भागवायचं म्हणजे दुपारचं काम दिवे लागेपर्यंत लांबायचं.

"माझी इस्त्री कधी मिळणार?" तिनं जानेवारीत विचारलं.

"तीन सामने झाले की."

"मग यंदा तुझे शर्ट चुरगळलेलेच घाल. तुझ्याच पायानं केलंय."

मार्चमध्ये तो राखीव संघातून खेळायला लागला; ते सामने मोजणीत धरत नसत. सामना संपला की गुडघा फुगायचा. म्हातारा मालीशवाला क्रॅबट्री थंड पाण्याची बादली आणून त्यात त्याचा पाय बुडवायचा. "पोरा, हा गुडघा नाही, कोबीचा गड्डा झालाय," म्हणायचा, आणि बर्फ आणायला जायचा.

एप्रिलमध्ये हंगामाचे चारच सामने उरले. त्यातले तीन ईस्टरचे: शुक्रवार, शनिवार आणि सोमवार. चौथा पुढच्या शनिवारी. गार्साइडसाहेबांनी त्याला खोलीत बोलावलं.

"शुक्रवारी तू खेळतोयस. ईस्टरचे तिन्ही तुझे. झालं मनासारखं?"

हर्बर्टनं टोपी हातात फिरवली. "साहेब, गुड फ्रायडेला मी खेळत नाही. आजवर कधी खेळलो नाही. करारात तशी मुभा आहे."

"अरे, मी तुला तीनशे ताटात वाढून देतोय!"

"शनिवार, सोमवार आणि पुढचा शनिवार. तेही तीनच होतात."

"गुडघा बघ स्वतःचा. आणि शुक्रवारी दुसऱ्याला घेतलं तर शनिवारी त्याला काढू कशाला? देव तुझ्या तीनशेच्या आड येतोय एवढं लक्षात ठेव."

"देव आड येत नाही, साहेब. तो नेहमीच्याच जागी आहे. सामना त्या दिवशी आलाय."

घरी आल्यावर त्यानं मिलीला सगळं सांगितलं. ती बन भाजत होती. पाच घरं आवरली ती याच आकड्यापायी, हे तिला ठाऊक होतं. तिनं बनचा ट्रे बाहेर काढून ठेवला.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "सांगितलं तर उद्या मला बोल लावशील."

"तू सांगू नकोस. पट्टा फक्त पुसून ठेव. ध्वजाला लागेल."

शुक्रवारी दुपारी मिरवणूक मैदानाकडच्या रस्त्यानं चढावर निघाली आणि सामन्याला जाणारे लोक समोरून उतरत होते. ध्वजात वारा भरला होता. हर्बर्टच्या कमरेला पट्टा, डोळे सरळ पुढे.

"टॉल्सन! मैदान इकडे आहे रे!"

"गुडघा दुखतोय म्हणून देवाला पुढे केलंस होय?"

मिली मागं बायकांच्या रांगेत होती. तिला वाटलं, हा वळून काहीतरी बोलणार. तो वळला नाही. भजनाची ओळ मात्र त्यानं नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटली, आणि तीही बेसूर.

शनिवारी गार्साइडसाहेबांनी त्याला घेतलं नाही. सोमवारी मात्र नव्या पोराच्या पायात गोळा आला आणि हर्बर्ट खेळला. पुढच्या शनिवारीही खेळला. दोनशे नव्व्याण्णव. मेमध्ये पत्र आलं: करार वाढवणार नाही, जूनअखेर घर सोडावं.

मिलीनं पडदे काढून घडी घातली. दोघं गावातच तिच्या बहिणीकडे राहायला गेली. हर्बर्टनं एका कताई गिरणीत कामाचं नक्की केलं, पण गिरणीच्या मुकादमाला स्वच्छ सांगून ठेवलं, "मी सप्टेंबरपासून येईन. त्याआधी एक काम उरलंय." मग त्यानं तिसऱ्या विभागातल्या सात क्लबांना पत्रं लिहिली. चौघांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी शुभेच्छा दिल्या. सातव्या, समुद्रकाठच्या स्किपवर्थनं कळवलं, ऑगस्टमध्ये महिनाभर अजमावून बघू.

इस्त्री खोक्यातून बाहेर आली. बहिणीच्या अंगणात पुन्हा शंभर आणि शंभर.

"मिली, तुझा नवरा इस्त्रीला लाथा घालायला शिकवतो की काय?" बहीण म्हणायची.

"शिकवू दे. ती काही त्याला घर सोडायला सांगत नाही."

महिन्यातले तीन आठवडे तो स्किपवर्थच्या राखीव संघातच राहिला. चौथ्या आठवड्यात त्यांच्या डाव्या बचावपटूला मांडीत गळू झालं. शुक्रवारी फळ्यावर नावांची यादी लागली, त्यात शेवटून दुसरं नाव टॉल्सन. मिली दोन बस बदलून गेली. समुद्रावरून वारा असा येत होता की चेंडू मारला की परत यायचा. स्किपवर्थ एकाविरुद्ध चार गोलांनी हरलं. हर्बर्टसमोरचा विशीतला पोरगा पहिल्या अर्ध्यात त्याला तीनदा चुकवून गेला, दुसऱ्या अर्ध्यात एकदाही नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तीनशेचं तिथं कुणाला माहीतही नव्हतं.

बसमध्ये त्याचा गुडघा पुढच्या बाकाखाली मावेना. त्यानं पाय मधल्या वाटेत लांब केला. तिकीटवाला ओलांडून गेला, परत ओलांडून आला, तरी हर्बर्टनं तो उचलला नाही.

"आता?" मिलीनं विचारलं.

"सोमवारपासून गिरणी."

मंगळवारी संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा दोन्ही इस्त्र्या चुलीवर होत्या आणि त्याचे शर्ट खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवले होते. पट्टा त्यानं स्वतः तेल लावून प्रार्थनामंदिराच्या कपाटात नेऊन ठेवला, पुढच्या गुड फ्रायडेसाठी.