चाकातली मोकळी जागा

परवा अमरावतीत सभेच्या मंडपाचे खांब तासत होते. धावड्याच्या लाकडाच्या ओल्या भुशाचा वास आला आणि वाटायची पत्रकं माझ्या हातातच राहिली.

हिवरखेडचं आमचं अंगण. आई बाळंतपणात अडलेली. गावातल्या गाड्या कापूस घेऊन अकोल्याला गेलेल्या, उरलेल्या आमच्या गाडीचं चाक मोडलेलं. बाप चाकाच्या कडेचा शेवटचा वाकडा तुकडा जुळवत होता. सांध्याला काजळी फासायची, शेजारच्या तुकड्यावर दाबायचं, काळं उमटेल तिथं पटाशीनं तासायचं.

आतून आई विचारायची, "झालं का जी?"

"झालंच समज."

तेवढ्यात जंगलचा शिपाई आला. "लाकडावर जंगलखात्याचा शिक्का कुठी हाय?"

"जमादार, बायकोले अकोटच्या दवाखान्यात नेऊन येतो, मंग मलेच धरून न्या."

"कायदा मले शिकवून राहिला का?"

त्यानं तुकडा काखेत मारला. त्याच्या खाकी सदऱ्यावर काजळीची कमान उमटली.

आई गेली. कायद्यानं मारली, असं मी पत्रकात छापतो. लोक टाळ्या वाजवतात. घरी ते चाक भिंतीला टेकून आहे. बाप अजूनही मधूनच त्या मोकळ्या जागेच्या कडांना काजळी फासतो आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणतो, "झालंच समज."