एका टबात अकरा कवळ्या

कवळीवाल्यांना माणसं चेहऱ्याने लक्षात राहायची नाहीत, जबड्याने राहायची. एक्केचाळीस वर्षं दातांच्या एका डॉक्टरच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी कवळ्या केल्या. पुढे डॉक्टर खुर्चीतल्या माणसाशी गोड गोड बोलायचा आणि मागे हे प्लास्टरच्या साच्यावर मेण लावून एकेक दात बसवायचे. रस्त्यात कुणी भेटलं की नमस्कार करायच्या आधी यांची नजर समोरच्याच्या ओठांवर. बायको म्हणायची, "अहो, लोकांना वाटेल तुम्ही त्यांच्या दातात अडकलेलं काही शोधताय."

हात शांत आणि डोकं तापट, अशी त्यांची घडण होती. डॉक्टरने घाईत घेतलेलं माप ते सरळ परत पाठवायचे. एकदा तर पेशंटच्या देखत म्हणाले, "हे माप आहे की चिखलात उमटलेला पाय?" नोकरी जाता जाता वाचली. पण आपण आळस केला तर तो कुणाच्या तरी हिरडीत रुततो, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्यापुढे ते कुणाची भीडभाड ठेवत नसत.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तेच हात थरथरायला लागले. बायको आधीच गेली होती. मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगा-सून दोघंही दिवसभर नोकरीला. मुलगा खाली मान घालून वृद्धनिवासाची माहितीपुस्तिका घेऊन आला, तेव्हा कवळीवालेच म्हणाले, "एवढं तोंड पाडू नकोस. चल, बघून येऊ." पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'प्रत्येकाची व्यक्तिगत काळजी'. चकचकीत कागद, चकचकीत म्हातारे.

व्यक्तिगत काळजी म्हणजे काय, ते दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता कळलं. पाळीवर दोन बायका आणि रहिवासी सव्वीस. त्या दोघींनी सव्वीस जणांना उठवायचं, संडासला न्यायचं, पुसायचं, कपडे बदलायचे आणि आठच्या ठोक्याला नाश्त्याच्या टेबलाशी आणून बसवायचं. मग वेळ वाचवणार कुठून? थोरली सेविका, जिला सगळे ताई म्हणत, ती निळा प्लास्टिकचा टब घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायची. उशाशी वाटीत ठेवलेल्या कवळ्या टबात ओतायच्या, सगळ्यांना मिळून एक ब्रश, सगळ्यांवर एकच नळ. अकरा जणांच्या अकरा कवळ्या. नंतर कुठली कुणाची ते आठवून ज्याच्या त्याच्या तोंडात.

कवळीवाल्यांचं डोकंच फिरलं. "अहो ताई, या चपला आहेत का देवळाबाहेरच्या? ज्याला जी मिळेल ती घाला म्हणून?"

ताईने टब खाली ठेवला नाही. "बाबा, नावाच्या डब्या होत्या. फुटल्या. नव्या मागवल्यात म्हणतात, वर्ष झालं. तुमची तुम्ही धुता ना? मग देवासारखे आहात. सरका."

ते व्यवस्थापिकेकडे गेले. तरतरीत बाई, आवाजात सदा साखर. "काका, किती बारीक लक्ष असतं हो तुमचं," असं म्हणून तिने वहीत काहीतरी टिपलं. डब्या काही आल्या नाहीत.

जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर बाई बसायच्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. झटक्याने डावी बाजू लुळी पडलेली, जीभ जड, बोलणं तुटक. पण नजरेत अजून छडी. कवळीवाले आमटीवरून स्वयंपाकीणबाईंना काही लागट बोलले की बाई उजव्या हाताने टेबलावर टकटक करायच्या आणि शब्द जुळवत म्हणायच्या, "वर्गाबाहेर. उभे राहा." कवळीवाले खरंच खुर्ची मागे सरकवून उभे राहायचे आणि बाई तोंडावर रुमाल धरून हसायच्या. या घरात आल्यापासून त्यांना हसवावंसं वाटलेलं हे एकच माणूस होतं.

एके दिवशी सकाळी बाईंनी घास तोंडात घेतला आणि तसाच बाहेर काढून ताटलीच्या कडेला ठेवला. ओठ पुसले. कवळीवाल्यांकडे बघून म्हणाल्या, "हे... माझे नाहीत."

"काय? दात?"

"माझे नाहीत."

कवळीवाले हसले. एक्केचाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलं होतं. नवी कवळी घातलेला प्रत्येक माणूस आठ दिवस हेच म्हणतो, आणि त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. ते त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. "होईल हो सवय, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांची कवळी नवी नव्हती, सहा वर्षांची होती. कवळीवाल्यांना ते ठाऊकही होतं. तरी बोलून मोकळे झाले.

पुढचे नऊ दिवस बाई जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. चहात बुडवलेला पाव, चार चमचे डाळीचं पाणी. बाकी ताट जसंच्या तसं परत. सेविका ताट उचलायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायची, 'जेवणास नकार'. बाईंच्या ब्लाउजचा गळा ढगळ दिसायला लागला. रोज नाश्त्यानंतर त्या कवळी काढून रुमालात गुंडाळायच्या आणि रोज इथल्या नर्स, म्हणजे सिस्टर, ती पुन्हा तोंडात बसवायच्या. "नीट दिसायला नको का? कुणी भेटायला आलं तर?"

दहाव्या दिवशी बाईंनी जांभई दिली. खिडकीतून ऊन थेट तोंडात पडलं होतं. कवळीवाले पेला खाली ठेवून पुढे वाकले. वरचे पुढचे दात रुंद, चौकोनी, पिवळट. असे दात बाईमाणसाला कुणी बसवत नाही. हे धिप्पाड पुरुषाच्या जबड्यावर बेतलेले होते. बाईंच्या ओठांना आतून रेटा बसत होता, जबडा मिटताना वरची कवळी खाली निसटत होती, आणि हिरडीच्या कडेला लालभडक चट्टा.

राग कुणाचा यावा हेच कवळीवाल्यांना आधी कळेना. जिच्या वाट्याला तेरा म्हातारे येतात त्या ताईचा? डब्या न आणणाऱ्यांचा? पण सगळ्यात आधी आला तो स्वतःचा. दातांतलं ज्याला कळतं असा या घरात एकच माणूस होता. बाईंनी त्यालाच सांगितलं, आणि त्याने त्यांना दवाखान्यातलं ठरलेलं उत्तर दिलं.

त्यांनी सिस्टरला गाठलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, त्यांचं वय बघा, आजार बघा. या टप्प्यावर माणसं जेवण सोडतात."

"अहो, टप्पा कसला? तोंडात दुसऱ्याचे दात आहेत."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. डॉक्टरांनी केलेली घाण एक्केचाळीस वर्षं निस्तरलेला माणूस आहे."

ते मोठ्याने बोलले असतील. टेबलावर हात आपटला हेही खरं. पण त्याचा परिणाम असा झाला की संध्याकाळपासून त्यांच्या औषधांत अर्धी पांढरी गोळी वाढली. फाइलमध्ये नोंद झाली, 'रहिवासी चिडचिडे, इतरांना त्रास देतात.' पहिल्या गोळीने दुसरा दिवस धुक्यात गेला. तिसऱ्या दिवसापासून ते गोळी स्वतःच्या वरच्या कवळीखाली, टाळूला चिकटवून ठेवायला लागले आणि सिस्टरची पाठ वळली की थुंकायला. स्वतः केलेली कवळी. अशी घट्ट बसायची की पाणी पिऊनही गोळी हलत नसे.

शनिवारी ताईने मोजे घालता घालता हळूच सांगितलं, "बाबा, सोमवारी डॉक्टर येतात. बाईंच्या नाकातून नळी घालायचं ठरलंय. उद्या त्यांची लेक सही करायला येणार."

नळी म्हणजे काय ते कवळीवाल्यांना माहीत होतं. सात नंबरच्या खोलीवरून जाताना त्यांनी बघितलं होतं. माणसाने नळी उपसू नये म्हणून हातांना कापडी पिशव्या चढवून पलंगाच्या कठड्याला बांधतात. उद्या ती सही झाली की बाईंचा टेबलावर टकटक करणारा उजवा हात, तो एकटा शाबूत हात, बांधला जाणार होता.

रविवारी सकाळी नऊपासून ते दारातल्या बाकावर जाऊन बसले. लेक अकराला आली. पन्नाशीची, दमलेली, खांद्यावर दोन पिशव्या. तिला बोलायला सुरुवात करणार तोच व्यवस्थापिका पुढे झाली. "काकांचं मनावर घेऊ नका हं, त्यांना जरा..." आणि तिने हाताने हवेत काहीतरी गोल फिरवलं.

कवळीवाले ताडकन उठले. पण ओरडलो तर गोल फिरवलेला हात खरा ठरेल, हे त्यांना कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी राग गिळला आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, सही कर, नको करू, तुझी आई आहे. पण त्याआधी तिचा वरचा ओठ एकदा उचलून बघ. एवढंच सांगायला दोन तास बसलोय."

लेकीला ते टाळता आलं नाही. सगळे बाईंच्या खोलीत गेले आणि तिने आईचा ओठ उचलला. चट्टा दिसला आणि ती मागे झाली. कवळीवाल्यांनी विचारलं, "काढू का, बाई?" बाईंनी डोळे मिटून मान हलवली. कवळीवाल्यांचे हात थरथरत होते, पण कवळी कशी सोडवायची ते बोटांना पाठ होतं. ती हातात येताच त्यांनी उलटी करून लेकीपुढे धरली. "तुझ्या आईचं तोंड बघ आणि हे बघ. यात तिच्यासारख्या दीड बायका मावतील."

लेकीने फाइल मागितली. व्यवस्थापिका म्हणाली, नियमात नाही. लेक म्हणाली, मग सहीपण नाही. फाइल आली. तिने ती उभ्या उभ्या वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "'रहिवासी स्वतःचे दात ओळखत नाहीत. वारंवार माझे नाहीत म्हणतात. स्मृतिभ्रंश वाढल्याची शक्यता.'" तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती. "म्हणजे ही खरं बोलत होती," ती म्हणाली, "आणि तुम्ही ते खरं लिहूनही घेतलंत."

बाईंनी लेकीच्या पिशवीतल्या केळ्यांकडे हात केला. लेकीने केळं सोलून दिलं आणि बाईंनी ते नुसत्या हिरड्यांनी, घाई न करता, अख्खं संपवलं.

"मग हे दात कुणाचे?" लेकीने विचारलं.

दारात उभी असलेली ताई आधी सिस्टरकडे, मग जमिनीकडे बघत म्हणाली, "सात नंबरच्या वाटीत एक लहान कवळी पडून आहे. त्यांना बसेना, म्हणून तशीच ठेवली."

कवळीवाले निघाले ते कुणासाठी थांबले नाहीत. सात नंबरमध्ये ट्रकवाले होते. जन्मभर ट्रक चालवलेला, आता खुबा मोडून अंथरुणाला खिळलेला दांडगा माणूस. नाकात नळी, हातांना पिशव्या, पिशव्यांच्या नाड्या कठड्याला. उशाशी वाटीत बाईंचे छोटे, गोलसर दात वाळून पडले होते. कवळीवाल्यांनी मोठी कवळी नळाखाली घासून धुतली आणि विचारलं, "तुमची आहे का बघता?" ट्रकवाल्यांनी तोंड उघडलं. कवळी टच्चकन बसली. त्यांनी जबडा एकदा मिटला, दोनदा मिटला, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दात हरवले," ते म्हणाले. शब्द स्वच्छ होते. "सांगतोय. सगळ्यांना सांगतोय. दुसऱ्याचे आणून घालतात."

लेकीने त्यांच्या पलंगाच्या पायथ्याची फाइल उघडली. तिथे लिहिलं होतं, 'असंबद्ध बडबड. जेवणास नकार.' खाली नळीची तारीख. पाच दिवस झाले होते.

कवळीवाल्यांनी पिशव्यांच्या नाड्या सोडायला घेतल्या. एक हात सुटला तोच सिस्टर पुढे आल्या. "काका, हात सोडू नका. आणि तोंडाने काही द्यायचं नाही हं. उद्या डॉक्टर बघतील. फाइलमध्ये तसं लिहिलंय."

"लिहिलंय ना? मग मीही लिहितो." त्यांनी लेकीचं पेन घेतलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत त्या ओळीखाली लिहिलं, 'दात दुसऱ्याच्या तोंडात होते. रहिवासी भुकेले आहेत. ते स्वतः सांगत आहेत.' वेळ घातली, सही केली. लेकीने सही केली. मग त्यांनी पेन दाराकडे धरलं. या सहीने ताईची नोकरी जाऊ शकत होती आणि ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने साडीला हात पुसले, पुढे आली आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

त्या तीन सह्या बघून सिस्टरने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर तासाभरात येतो म्हणाले. रविवारी येता येतं, हे त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

ट्रकवाले मोकळ्या हाताची बोटं उघडझाप करत होते. त्यांनी विचारलं, "आज जेवायला काय आहे?"

सिस्टर कवळीवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "काका, त्यांना समजावा, डॉक्टर येईपर्यंत..."

"मला काय सांगता?" कवळीवाले म्हणाले. "ते समोर आहेत. त्यांनी तुम्हाला विचारलंय. त्यांच्याकडे बघा आणि त्यांना सांगा."