निरंक लिहिणारी

अक्षर चांगलं म्हणून मला आपत्कालीन कक्षात घेतलं. पूर, आग, दरड यांतलं मला काही कळत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. २००५च्या पुरानंतर असे कक्ष काढायला सरकारी निधी आला, तेव्हा आमच्या नगरपालिकेनं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत मधोमध कपाट उभं केलं आणि पलीकडे कक्ष थाटला. एक टेबल, एक फोन, एक फॅक्स आणि रोजंदारीवरची मी. कपाटाच्या अलीकडे लोक दाखल्यांसाठी भांडायचे आणि पलीकडे मी आपत्तीची वाट बघत बसायचे.

फोन यायचे, नाही असं नाही. चामटोलीची एक आजी लाइट कधी येणार म्हणून विचारायची. चामटोली आमच्या हद्दीतच नव्हती, पण तिला उत्तर देणारी मीच एकटी होते. उल्हासनगरचा एक सिंधी शेठ दोर आणि हेल्मेट विकायचा. तो सोमवारी न चुकता विचारायचा, "मॅडम, पूर वगैरा कुछ आया क्या? माल रेडी है."

रोज सकाळी जिल्ह्याला एक छापील तक्ता फॅक्स करायचा. त्यात मृत, जखमी, बेपत्ता, जनावरं, पडलेली घरं असे रकाने. काही घडलेलं नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. शून्य काढलेलं आमच्या हेडक्लार्कसाहेबांना चालत नसे, त्याच्याआधी एक लिहून कोणी दहा करेल म्हणून. मी पाचही रकान्यांत सुरेख 'निरंक' लिहायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

ऑगस्टमध्ये वरून पत्र आलं. तुमच्याकडे सतत सगळं निरंक आहे, म्हणजे कक्षाची गरज दिसत नाही, तर पुढचा निधी का थांबवू नये, याचा खुलासा करा. माझी रोजंदारी त्याच निधीतून. नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडली होती आणि बुवापाड्यातलं आमचं घर माझ्यावरच चालत होतं. सासूबाई रोज सकाळी वंदनेनंतर हात जोडून म्हणायच्या, "सगळ्यांचं मंगल होवो." मी मागे उभी राहून मनात म्हणायचे, एखाद्याचं जरा कमी झालं तरी चालेल. लाज वाटायची, पण म्हणायचे.

हेडक्लार्कसाहेब अगदी देवमाणूस, मुंगीसुद्धा ओलांडून जायचे. तेच मला म्हणाले, "बाई, हातावर हात ठेवून बसू नका. आपत्ती शोधा."

शोधली. बाजारामागच्या गटारात एक गाय पडली होती. चार माणसांनी तिला दोर लावून बाहेर ओढली आणि मी 'जनावरं' या रकान्यात मोठ्या उत्साहात एक लिहिलं. जिल्ह्याहून फोन आला, गाय मेली का? नाही म्हटलं. मग खोडा, म्हणाले, त्या रकान्यात मेलेलंच लागतं. गाय त्या वेळी आमच्या खिडकीखाली उभी राहून कुणाच्या तरी अर्जाचा कागद खात होती. मला तिचा भयंकर राग आला.

आणि मग एका दुपारी खराखुरा फोन आला. टेकडीखालच्या चाळीतली एक बाई होती. "ताई, आमच्या मागची कंपाउंडची भिंत फुगलीय. पाणी गळतंय त्यातून. मिस्टर ड्यूटीवर आहेत. काय करू?"

मी ओरडलेच, "गॅस बंद करा, पोरांना घ्या आणि बाहेर पडा! शेजारच्यांनाही काढा!" हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अग्निशमनची गाडी पाठवली आणि ती पोचेपर्यंत फोनवर हात ठेवून बसले. भिंत पडली. मागच्या बोळात पडली, जिथे बायका त्या वेळी कपडे धुतात. बोळात तेव्हा कोणी नव्हतं. घरं शाबूत राहिली. घरी जाताना मी रस्त्यात एकटीच रडले, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता भरायला बसले, तर भिंतीचा रकानाच नव्हता. साहेब डोकं धरून शेजारी बसले. तेवढ्यात कपाटाला वळसा घालून ती बाई आली, दोन लहान मुलींना घेऊन, हातात पेढ्यांचा पुडा.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पेन उघडलं. "या ताई, बसा. कोणाला लागलं का?"

"नाही साहेब, तुमच्या कृपेनं."

"खरचटलं वगैरे? पळताना पडलं कोणी? थोडं तरी?"

बाई ओशाळली. तिनं मुलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही ना हो साहेब. ताईंनी आधीच बाहेर काढलं आम्हाला." आणि हळूच म्हणाली, "सॉरी."

मला साहेबांचा राग यायला हवा होता. पण मी तेव्हा टेबलावरून वाकून धाकटीचे गुडघे बघत होते. दोन्ही धड होते, आणि मला वाईट वाटलं.